लेफ्ट बॅक नाही, जर्सी तीन

मे महिन्यात इंग्लंडातल्या आमच्या गावचा फुटबॉल क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. जूनमध्ये क्लबने आत्मपरीक्षण केलं. आपल्याकडे निवडणूक हरलेला पक्ष चिंतन शिबिर भरवतो, अगदी तसं, म्हणजे ज्यांच्यामुळे हरलो तेच व्यासपीठावर. जुलैत चिंतनाचा निष्कर्ष जगापुढे आला. क्लब तिसरी जर्सी काढतोय.

वर्षभर निम्मे गोल डाव्या बाजूने खाल्ले, हे गावात खाटकापासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लेफ्ट बॅक हवा. साधा, दोन पायांचा, वेळेवर मागे धावणारा लेफ्ट बॅक. क्लबने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि जर्सी आणली.

पहिली जर्सी घरच्या मैदानासाठी, हे समजलं. बाहेरगावी यजमानांचा रंग आपल्यासारखाच निघाला तर दुसरी, हेही समजलं. तिसरी लागायची तर यजमानांचा रंग आपल्या पहिल्या जर्सीतही मिसळला पाहिजे आणि दुसऱ्या जर्सीतही. आता चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे खालच्या विभागात, संघ 24, प्रत्येकाचे सामने 46, त्यातले 23 बाहेरगावी. या 23 सामन्यांत असा दुर्मीळ योग किती वेळा यावा? आमच्या शेजारचे गृहस्थ निवृत्त बसचालक आहेत आणि सगळ्या संघांचे रंग त्यांना तोंडपाठ आहेत. पबमधल्या पुठ्ठ्याच्या तबकडीमागे त्यांनी हिशेब मांडला. उत्तर आलं, एकदा. तेही रेफरीचा चष्मा घरी राहिला असेल तर.

जर्सीचा रंग सिमेंटचा आहे. क्लबच्या पत्रकात मात्र 'सिमेंट' कुठेच सापडणार नाही. तिथे 'आमच्या औद्योगिक वारशाला, कालव्यावरच्या पहाटेच्या धुक्याला आणि इथल्या माणसांच्या चिवटपणाला अर्पण केलेली छटा' आहे. शेजारचे गृहस्थ लहानपणी त्या कालव्यात पडले होते. त्यांच्या म्हणण्यानुसार कालवा तपकिरी होता आणि जर्सीला तो वास आणता आलेला नाही. बाहीवर पांढऱ्या रेघांची एक नक्षी आहे. ती म्हणजे जुन्या गिरणीची चिमणी. गिरणी पाडून तिथे फ्लॅट झाल्याला बराच काळ लोटला. त्या फ्लॅटांत राहणाऱ्यांनाही ही जर्सी परवडत नाही.

आणि तो व्हिडिओ! जर्सी नुसती दुकानात टांगून चालत नाही, तिचं अनावरण व्हावं लागतं. ड्रोन धुक्यातून खाली येतो. व्हायोलिन सुरू होतं. एक आजीबाई किटली चुलीवर ठेवतात. एक मुलगा भिंतीवर चेंडू मारतोय, अर्थात स्लो मोशनमध्ये, कारण या गावात वेगात काही घडलं तर वारशाला धक्का लागतो. मग एक खोल आवाज सांगतो की आम्ही पडतो, पण आम्ही उठतो. (पडल्याचा पुरावा गुणतक्त्यात आहे. उठल्याचा पुरावा व्हिडिओतच.) शेवटी धुक्यातून आपला सेंटर फॉरवर्ड येतो, सावकाश वळतो आणि छातीवरच्या बोधचिन्हावर हात ठेवून थेट आपल्या डोळ्यांत बघतो. अंगावर काटा आला. पंधरवड्यात तो विकला गेला. त्याच्या करारातच होतं म्हणे, क्लब खाली गेला तर ठरलेल्या रकमेला सोडायचं. व्हिडिओ काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं, त्याला स्वतःला ठाऊक होतं, धुक्यालाही बहुधा ठाऊक असावं. ठाऊक नव्हतं ते फक्त पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून पाठीवर त्याचं नाव छापून घेणाऱ्यांना. जर्सी साठ-सत्तर पौंडांची, नाव आणि नंबराचे पैसे वेगळे, आणि नाव छापलेली जर्सी परत घेतली जात नाही. गावात आता त्या नावाच्या जर्सी पुष्कळ आहेत. त्या नावाचा खेळाडू नाही.

क्लबकडे पैसा नाही म्हणून हे चाललंय, असं कुणी म्हणू नये. खाली घसरलेल्या क्लबला वरून मदत येते. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणाचा जो वाटा सगळ्या क्लबांत समान वाटला जातो, त्याच्या 55 टक्के पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या वर्षी, आणि वर एकाहून अधिक हंगाम काढले असतील तर तिसऱ्या वर्षी 20 टक्के. पहिल्या वर्षाची रक्कम चार कोटी पौंडांच्या पुढे जाते. हरल्याबद्दल. खालच्या विभागात वर्षानुवर्षं इमानेइतबारे खेळणाऱ्या क्लबांनी असल्या रकमा फक्त वाचायच्या. चार कोटी पौंडांत लेफ्ट बॅक येतो. दोन येतात. एक उजव्या बाजूलाही वापरता येईल.

आता जर्सीच्या छातीकडे या. गेल्या वर्षी तिथे एका विमा कंपनीचं नाव होतं. यंदा सट्ट्याच्या कंपनीचं आहे. प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2023 साली आपापसात ठरवलं की 2025-26चा हंगाम संपला की जर्सीच्या छातीवरून सट्टा हटवायचा. फार टाळ्या पडल्या. बाहीवर चालेल, मैदानाभोवतीच्या फलकांवर चालेल, छातीवर नको. म्हणजे नीतिमत्ता किती, तर वीतभर. तीही वरच्याच मजल्यावर, कारण खालच्या विभागाला तो करार बंधनकारक नाही. जे वर अशोभनीय, ते घसरल्याबरोबर शोभायला लागलं. लहान मुलांच्या जर्सीवर मात्र सट्ट्याची जाहिरात छापत नाहीत. त्यामुळे स्टँडमध्ये बाप आणि मुलगा शेजारी बसतात तेव्हा बापाची छाती सट्ट्याची आणि मुलाची कोरी. पण हा नियम वयाचा नाही, मापाचा आहे. तेराव्या वर्षीच थोराड निघालेल्या पोराला मोठ्यांचं माप लागतं, आणि त्याबरोबर सट्टा फुकट मिळतो. ज्या गावातली बँकेची शाखा गेली, पोस्ट गेलं, कपड्यांचं शेवटचं दुकान गेलं, त्या गावच्या हमरस्त्यावर सट्ट्याचं दुकान तेवढं दिवे लावून उभं आहे. पगार झाल्याच्या संध्याकाळी तिथे काय चालतं ते बघायला ड्रोन लागत नाही. आणि हेच पैसे गोळा करून क्लब त्या माणसांच्या चिवटपणाला आदरांजली वाहणार! लाज नावाची गोष्ट जर्सीच्या कुठल्या पट्ट्यात छापतात ते एकदा कळू द्या.

असो. हंगाम सुरू झाला. पहिले तीन सामने जिंकले तेव्हा क्लब म्हणाला, प्रक्रियेवर विश्वास ठेवा. पुढचे पाच हरल्यावर प्रक्रियेसकट मॅनेजर बदलला. नवा मॅनेजर म्हणाला, मला लेफ्ट बॅक हवा. त्याला जर्सी दाखवण्यात आली.

बाहेरगावच्या सामन्यांना जाणाऱ्यांना वेगळाच साक्षात्कार झाला. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला 2016पासून 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. खाली ती नाही. त्यामुळे मंगळवारी रात्री, पावसात, खांबाआडून, घसरलेला संघ पाहायला कधीकधी वरच्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. त्यात सामना संपेपर्यंत शेवटची ट्रेन गेलेली. शेजारचे गृहस्थ तरीही गेले. ते बसने जातात, आणि वाटेत चालकाला सूचना देतात.

तरी तिसरी जर्सी एकदा मैदानात उतरलीच. यजमानांची जर्सी लाल होती, आपली पहिली निळी. म्हणजे काही अडचण नव्हती, पण जर्सी बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात म्हणे काहीतरी होतं. नोव्हेंबरची दुपार, आभाळ सिमेंटच्या रंगाचं, स्टँड सिमेंटचा. आपल्या खेळाडूंना आपले खेळाडू दिसेनात. दोन पास थेट लाल जर्सीवाल्याच्या पायात गेले, कारण मैदानात नीट दिसत होता तो तेवढाच. पहिला गोल कुठल्या बाजूने झाला ते तुम्हाला सांगायला नको.

यंदा वर जाण्याची आशा अजून आहे. पहिले दोन थेट वर जातात, तिसरा प्लेऑफमधून, वेम्बलीवर. पण वर जाऊन तरी काय? 2023-24 आणि 2024-25 अशा लागोपाठ दोन हंगामांत वर गेलेले तिन्हीच्या तिन्ही संघ वर्षभरात परत खाली आले. वरच्यांचा पैसा वर, खालच्यांचा खाली, आणि मधल्या जिन्यावर दरवर्षी त्याच लोकांची ये-जा. या ये-जा करणाऱ्यांसाठी जर्सी मात्र दरवर्षी नव्या, तीन-तीन.

तेव्हा कुणाच्या घरी इंग्लंडात शिकणारा भाचा असेल आणि तो त्या सिमेंटच्या जर्सीसाठी हट्ट धरून बसला असेल, तर त्याला एवढंच सांगा, ख्रिसमस होऊन जाऊ दे. जानेवारीत ती निम्म्या किमतीला लागते. पाठीवर नाव मात्र कुणाचंही छापू नकोस, स्वतःचं छाप.