लाल ठिपका कसा बसवावा: मुखेडकर नवशिक्यांसाठी

पिस्तुलाला लेझर बसवायचा तर आधी पिस्तूल लागते. लेझरच्या डबीतल्या माहितीपत्रकात ही अट नसते, कारण ते अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी छापलेले असते. मुखेडात बसून हौस करणाऱ्याने मात्र इथूनच सुरुवात करावी.

पिस्तुलाला परवाना लागतो आणि तो जिल्हाधिकारी देतात, म्हणजे नांदेडच्या चकरा आल्या. अर्जाचा नमुना ए-१. शस्त्र कशासाठी हवे, हे त्यात सांगावे लागते. तिथे ‘रुबाब’ लिहू नये. ‘रीलमध्ये बरे दिसते’ हेही लिहू नये, खरे असले तरी. जिवाला धोका आहे असे दाखवायचे असते आणि नवशिका नेमका इथे अडतो. बांधावरचे भांडण पुरत नाही. त्यावर परवाने द्यायचे ठरले तर तलाठ्याला सातबाऱ्याबरोबर काडतुसेही वाटावी लागतील. मग पोलिसांची चौकशी होते. तिथे एखादा गुत्तेदार छाती काढून सांगतो, “साहेब, लई लोक मागं लागलेत माझ्या.” हवालदार मान वर न करता विचारतो, “उधारीवाले का?”

याशिवाय डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, घरी कुलूपबंद ठेवण्याची सोय, हे सगळे आलेच. ओळखीवर भिस्त ठेवू नये. आपल्याच मराठवाड्यात, बीडला, डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर परवान्यांचा हिशेब निघाला, तो बाराशेच्या वर भरला आणि मग रद्द करण्याचा सपाटा सुरू झाला.

परवाना हाती आला असे धरून चालू. सिनेमातल्या हिरोचे ९ एमएम तुम्हाला मिळणार नाही. ते बोअर सामान्य माणसाला बंद आहे. मिळेल ते बहुधा .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले, वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. वस्तू चांगली, पण तिच्या नळीखाली लेझर अडकवायची खाच नाही. तेव्हा ऑनलाइन मागवलेला लेझर आणि हातातले रिव्हॉल्व्हर टेबलावर शेजारी ठेवून बघत बसावे लागेल. अशा वेळी बसस्टँडकडच्या वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नये. तो बसवून देईल, हीच भीती आहे.

हे वेड आले कुठून म्हणाल, तर बरेचसे १९८४ च्या ‘टर्मिनेटर’मधून. त्यात अर्नोल्डच्या लांबलचक पिस्तुलावर लेझर बसवलेला आहे. पण तेव्हाचा लेझर हेलियम-निऑनचा. तो पेटायलाच दहा हजार व्होल्ट लागत. बॅटरी अंगातल्या जाकिटात लपवलेली, वायर बाहीतून काढलेली, आणि बटण दुसऱ्या हातात. म्हणजे भविष्यातून आलेला तो यंत्रमानव एका हाताने नेम धरत होता आणि दुसऱ्या हाताने दिवा लावत होता. आता हे काम बटणाएवढा सेल करतो, एवढाच फरक.

रंग निवडताना ऊन बघा. लाल ठिपका अंधाऱ्या खोलीत झकास दिसतो. मे महिन्यात भर दुपारी मुखेडच्या रस्त्यावर तो दहा पावलांवर शोधावा लागतो. हिरवा जास्त दिसतो, कारण आपल्या डोळ्यालाच तो रंग जास्त जाणवतो. मात्र कोणताही रंग माणसाच्या डोळ्यावर मारू नये. कोल्हापूर-पुण्याच्या गणपती मिरवणुकांत डीजेच्या लेझरने लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा बंदीचे आदेश निघाले. ते दिवे फार मोठे असतात हे खरे, पण डोळा सगळ्यांचा तेवढाच नाजूक.

आता खरी गोम. ठिपका जिथे दिसतो तिथे गोळी लागतेच असे नाही. समजा लेझर नळीच्या तीन सेंटीमीटर खाली आहे आणि दोघांची रेघ दहा मीटरवर जुळवली. तर पाच मीटरवर गोळी ठिपक्याच्या दीड सेंटीमीटर वर लागेल, वीस मीटरवर तीन सेंटीमीटर खाली. मनगट नुसते एक अंश हलले तर दहा मीटरवर साडेसतरा सेंटीमीटरची चूक, आणि लेझर ही चूक सुधारत नाही, चारचौघांत दाखवतो. नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने नेम धरताना हात किती थरथरतो ते आपल्यापुरते राहते. लेझर लावला की समोरच्या भिंतीवर ठिपका नाचू लागतो आणि घरातले पोरही विचारते, “बाबा, तुम्हाला थंडी वाजतीय का?”

म्हणून सराव आधी माळेगावच्या जत्रेत करावा. मार्गशीर्षात खंडोबाला जायचेच आहे. घोडे-गाढवांचा बाजार पाहून झाला की फुग्यांच्या स्टॉलवर थांबा. छऱ्याची बंदूक, फळीवर टेकवलेली नळी, आणि हमखास वाकडी माशी. नवा गडी डोळा बारीक करून फुग्याच्या मधोमध नेम धरतो आणि छर्रा मागच्या ताडपत्रीत जातो. शेजारचे आठवीतले पोर फुग्याकडे बघतच नाही. पहिला छर्रा ताडपत्रीला कुठे लागला ते बघते, तेवढेच अंतर उलट्या बाजूला नळी सरकवते आणि एकापाठोपाठ फुगे फोडते. नेम जुळवणे म्हणतात ते हेच. त्याला सेल लागत नाही. ज्यांना याहून पुढे जायचे त्यांनी पुण्याला बालेवाडीची रेंज गाठावी. पण लेझर घरी ठेवून जावे, स्पर्धेत तो चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले ते उघड्या माशीवर. आणि तशाच माशीवर गाठायचे १० मीटर एअर पिस्तुलातले दहा गुणांचे वर्तुळ तर साडेअकरा मिलिमीटरचे असते.

वरातीत हवेत बार काढायचा विचार असेल तर २०१९ ची कायदादुरुस्ती वाचून ठेवा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तसेही आकाशात ठिपका कशावर पडणार?

शेवटची सूचना निवडणुकीची. आचारसंहिता लागली की छाननी समिती ज्यांची नावे काढते त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. नांदेड मतदारसंघाने २०२४ मध्ये लोकसभेला दोनदा मतदान केले, एप्रिलमध्ये एकदा आणि नोव्हेंबरात पोटनिवडणुकीला विधानसभेबरोबर पुन्हा. म्हणजे कमरेपेक्षा ठाण्याच्या कपाटात पिस्तूल जास्त राहण्याची तयारी ठेवा. जमा करताना पावती घ्या आणि लेझरचा सेल आठवणीने काढून खिशात टाका. घरच्या घड्याळाला बसतो का ते बघता येईल.