बाखची उधारी

1997 साली अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात पियानोवर तीन रचना वाजवल्या गेल्या. एक खुद्द थोर संगीतकार बाखची, दुसरी संगीताचे अध्यापक स्टीव्ह लार्सन यांनी बाखच्या शैलीत बांधलेली, तिसरी संगणकाची. श्रोत्यांनी कौल दिला: संगणकाची रचना अस्सल बाखची, आणि लार्सन यांची संगणकाची! तेव्हापासून हा किस्सा यंत्राला प्रतिभा फुटल्याचा पुरावा म्हणून मिरवला जातो. तो पुरावा नाहीच. लार्सनही त्या दिवशी नक्कलच करत होते. सामना दोन नकलाकारांत झाला आणि यंत्र सरस ठरलं. बाखची प्रतिभा पणाला लागलीच नव्हती.

यंत्राचे कर्ते डेव्हिड कोप. ऑपेरा लिहायला घेतला, काही सुचेना, म्हणून 1981 मध्ये त्यांनी हा प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. नाव एमी. बाखचे कोराल, म्हणजे चर्चमध्ये गायची चार आवाजांतली छोटी भजनं, एमी ठोक्याठोक्याला सुटी करते. प्रत्येक तुकड्यानंतर चारही आवाज कोणत्या स्वरावर गेले, ते टिपून ठेवते. मग त्याच स्वरांवर सुरू होणारा दुसऱ्याच कोरालचा तुकडा पुढे जोडते. अनेक रचनांत पुन्हापुन्हा येणाऱ्या स्वराकृती, बाखच्या हातची लकबच म्हणा ना, तेवढ्या न तोडता जपते. असे 5000 कोराल निघाले. काम अव्वल आहे, कोप यांच्या चिकाटीला सलाम. पण यातला एकेक तुकडा 1750 साली वारलेल्या माणसाचा आहे.

कोप यांनी ते लपवलं नाही. कोणाचं संगीत आत घातलं ते सांगितलं. एका अल्बमचं नावच 'बाख बाय डिझाइन' ठेवलं.

आजच्या कंपन्यांना एवढाही सरळपणा जमत नाही. जून 2024 मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या संगीत कंपन्यांनी, आपली गाणी न विचारता वापरली म्हणून, सुनो आणि युडिओ या यंत्राकरवी गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावे लावले. तेव्हा कुठे सुनोने कोर्टात मान्य केलं, की इंटरनेटवर खुली मिळणारी, बऱ्यापैकी दर्जाची जवळजवळ सगळी गाणी आम्ही यंत्राला शिकवायला वापरली. वर हा आमचा कायदेशीर हक्कच आहे, असा दावा! पुढे काही बड्या कंपन्यांची तडजोड झाली. ज्याच्यामागे ना कंपनी ना वकील, त्या एकट्या गायकाने कुठे जायचं?

बाख उधारी मागायला येणार नाही. आज गाणारे, लिहिणारे, चित्रं काढणारे मात्र जिवंत आहेत, त्यांना घरभाडं भरायचं आहे. प्रतिभेची नक्कल करणारी यंत्रं खुशाल बांधा. पण आत कोणाचं काम घातलं त्याची यादी जाहीर करा, आधी परवानगी घ्या आणि पैसे चुकते करा. तोवर त्या यंत्राच्या गाण्याला नवनिर्मिती म्हणू नका.