तीनच महिने राहिलेत!

पन्नाशी जवळ आली की बायका भिशी लावतात, ट्रेकला जातात, नाहीतर मुलासाठी स्थळं बघायला लागतात. मी पॅलिएटिव्ह केअरच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं. बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाचं दुखणं कमी कसं करायचं आणि त्याच्या घरच्यांना आधार कसा द्यायचा, याचं हे शास्त्र. "मरणाचा डिप्लोमा?" नवरा म्हणाला. "प्रॅक्टिकलला काय करतात?"

मी हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेविका आहे. बोलणं हा माझा धंदा. योजनेच्या फायली, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, ट्रस्टची पत्रं, रडणारे नातेवाईक, वैतागलेले रेसिडेंट डॉक्टर, सगळं मी आजवर तोंडाच्या जोरावर निभावलेलं. त्यामुळे या कोर्समधले औषधांचे पेपर जड जातील, पण संवादकौशल्याचा पेपर आपल्या खिशात आहे, अशी माझी पक्की समजूत होती. वर्गात नर्स होत्या, एक फिजिओथेरपिस्ट, एक फार्मासिस्ट, आणि आम्हां सगळ्यांना 'मॅम' म्हणून आणखी म्हातारं करणारा एक तरुण डॉक्टर.

पहिल्याच तासाला माझी मान ताठ झाली ती सिसिली सॉन्डर्समुळे. ही इंग्लंडची बाई आधी नर्स होती. पाठीच्या दुखण्यापायी ते सोडावं लागलं, तेव्हा ती हॉस्पिटलात समाजसेविका झाली. म्हणजे आमच्यातली! डेव्हिड तास्मा नावाचा तिचा एक पोलिश निर्वासित रुग्ण १९४८ साली कॅन्सरने गेला. तू जे घर बांधशील त्याची एक खिडकी माझी, असं म्हणत त्याने तिच्यासाठी पाचशे पौंड ठेवले. मग तिशी उलटून गेल्यावर बाई मेडिकलला गेली, १९५७ मध्ये डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये तिने लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. खिडकी आधी मिळाली, घर व्हायला एकोणीस वर्षं गेली. "समाजसेविका होती म्हणूनच तिला सुचलं," मी वर्गात जाहीर केलं. "नर्स होती म्हणून," मागच्या बाकावरून आवाज आला. तरुण डॉक्टर काही बोलला नाही. त्याला पुढे एमडी करायचं होतं, प्रवेश परीक्षा डोक्यात होती.

सॉन्डर्सबाईंनी सांगितलेलं मुख्य सूत्र असं की दुखणं एकटं येत नाही. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरच्यांची आणि पैशाची काळजी, आणि 'माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न, असा सगळा मिळून एक ठणका असतो. नुसत्या गोळीने तो जात नाही आणि गोळीशिवायही जात नाही.

गोळीचा भाग मला नवा होता, म्हणून तो डोक्यात फार जोरात शिरला. जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ सालची तीन पायऱ्यांची शिडी: खालच्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मध्ये सौम्य अफूवर्गीय, वर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यायचं आणि घड्याळ बघून द्यायचं. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. साध्या मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, आणि तिच्या सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता हमखास होते. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने नशेबाजांना किती जरब बसली देव जाणे, पण कॅन्सरच्या पेशंटची गोळी मात्र दुकानांतून गेली. एवढ्याशा साठ्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने जमवण्यापेक्षा औषध न ठेवणं हॉस्पिटलांना सोपं वाटू लागलं. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

हे सगळं मला इतकं आवडलं की आमच्या सोसायटीतल्या एका लग्नाच्या पंगतीत मी ते साग्रसंगीत सांगितलं. बद्धकोष्ठतेपर्यंत आले तेव्हा वाढपी मठ्ठा घेऊन उभा होता. शेजारच्या काकूंनी पान अर्ध्यावर सोडलं. पलीकडे बसलेले आमचे सोसायटीचे सेक्रेटरी मात्र जिलबी बाजूला सारून ऐकत होते. मला वाटलं, यांना मूळव्याध असणार.

मग आला संवादकौशल्याचा पेपर.

वाईट बातमी कशी सांगावी, याच्या सहा पायऱ्या आहेत. आधी जागा नीट करायची: दार लोटून, फोन बंद करून, खुर्ची जवळ ओढून बसायचं. मग पेशंटला काय माहीत आहे ते विचारायचं. मग त्याला किती ऐकायचं आहे ते. मग साध्या शब्दांत सांगायचं. मग गप्प राहून त्याच्या भावनांना जागा द्यायची. शेवटी पुढचं ठरवायचं. आम्हाला हे नाटकासारखं करून दाखवायचं होतं. माझी पेशंट झाली होती मागच्या बाकावरची नर्स.

जागा मी उत्तम केली. पुढच्या दोन पायऱ्या एका दमात चढले. चौथीवर मात्र माझा कामाचा सराव उसळून वर आला. "घाबरू नका, आपण आहोत ना, योजनेत नाव घालू, पिवळं रेशनकार्ड आहे का, मुलगा काय करतो, सून करते का तुमचं, आणि हल्ली किती छान औषधं आली आहेत..." पेशंटने डोळे मिटून मान टाकली. सरांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "सर, ह्यांचं संपेपर्यंत मी गेले."

सरांनी शेरा दिला: "पाचवी पायरी दिसली नाही. शांततेचा सराव करा."

सराव करायला घरात हक्काच्या सासूबाई होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी एडमंटनची मोजपट्टी घेऊन बसले. तीत दुखणं, थकवा, मळमळ, झोप वगैरेंना शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. "आई, गुडघा किती दुखतो? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त शक्यच नाही."

"जिना चढताना की तू प्रश्न विचारताना?"

मी सरांचा शेरा आठवून गप्प बसले. सासूबाईंनी थोडी वाट पाहिली, मग म्हणाल्या, "बरं नाही का वाटत तुला? अशी काय बघतेस?" आणि मला आल्याचा चहा करून दिला. मग, बहुधा माझं मन राखायला, त्यांनी कपाट उघडून दाखवलं. वरच्या खणात मोतिया रंगाचं इरकली लुगडं, गंगेची तांब्याची लोटी, तुळशीची माळ, आणि रबर लावलेली नोटांची गुंडाळी. "हे मला नेसवायचं. हे पैसे भटजींचे, मुलाच्या खिशातून घ्यायचे नाहीत. आणि त्या नळ्याबिळ्या घालून मला काचेच्या खोलीत ठेवलंत तर बघा."

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ज्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ज्याची पद्धत सुटसुटीत केली, ते वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदार आणि नोटरी यांची वाट बघत आमच्या कपाटात वर्षानुवर्षं घडी घालून पडलेलं होतं. मी लगेच त्यांना निकालाची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. त्यांनी कपाट बंद केलं.

आणि नेमका याच सुमारास तो घोटाळा झाला. लिफ्ट बंद होती. मी जिना चढत होते, एका हातात कोर्सच्या पुस्तकांचं पार्सल, कानाला फोन, आणि पलीकडे प्रोजेक्टमधली माझी जोडीदारीण. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबून मी म्हणाले, "तीनच महिने राहिलेत गं. मग सुटले एकदाची!" आणि मग, आमच्या केसबद्दल: "नाही, नाही, आता बरं होण्याचा विषयच नाही. घरच्यांना कुठे नीट माहीत आहे अजून!" तळमजल्यावरच्या काकू वरच्या मजल्यावर पापड द्यायला निघाल्या होत्या. पापड त्या दिवशी वर पोचलेच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शहाळी यायला लागली. डाळिंबं आली, गव्हांकुराचा रस आला, अंगारे आले, झाडपाल्याच्या एका वैद्याचा पत्ता आला, आणि ज्यांनी माझ्या पार्किंगवरून वर्षभर अबोला धरला होता त्यांनी "वहिनी, तुमची गाडी तिथेच राहू दे" असा निरोप पाठवला. मी म्हणाले, "अहो, मला काहीही झालेलं नाही." हे ऐकून काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि खाली जाऊन सांगितलं, "तिला सांगितलेलंच नाहीये." मग लोकांनी नवऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "ती ठणठणीत आहे हो, डिप्लोमा करतेय." लोक हळहळले: "किती धीराचा माणूस! चेहऱ्यावर दिसू देत नाही." जो नाकारील त्याने पुरावाच दिला, असा हा पेच. पेशंट म्हणतो घरच्यांना सांगू नका, घरचे म्हणतात पेशंटला सांगू नका, आणि एकाच खोलीत बसून सगळे हवापाण्यावर बोलतात. हे वॉर्डात मी रोज बघते, त्यावर माझी असाइनमेंटही पूर्ण झाली होती. पण मधल्या खाटेवर आपण असलो की कसं वाटतं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

येणारे सगळे प्रेमानेच येत. पण कुणी बसत नसे. "सगळं छान होईल" म्हणून चपला घालत. "माझ्या मावसबहिणीलाही हेच होतं," इथपर्यंत येत आणि बहिणीचं पुढे काय झालं ते आठवून दचकत. "पॉझिटिव्ह राहा" असं तर इतक्या जणांनी बजावलं की सर्दी झाली तरी शिंकायची चोरी. आणि प्रत्येक वाक्य मला ओळखीचं वाटत होतं. सगळी माझीच होती. वॉर्डात वर्षानुवर्षं वाटलेली नाणी मला परत मिळत होती.

शेवटी सेक्रेटरी आले. हातात प्लास्टिकची फाइल. आल्या आल्या म्हणाले, "टीव्ही जरा बंद करता?" दार लोटलं. फोन सायलेंट केला. खुर्ची पुढे ओढून माझ्या समोर बसले.

"वहिनी, डॉक्टरांनी तुम्हाला तब्येतीबद्दल काय सांगितलंय?"

मी चमकले. दुसरी पायरी!

"मी थोडं स्पष्ट बोललो तर चालेल?"

तिसरी!

"फ्लॅट तुमच्या नावावर आहे आणि नॉमिनेशन केलेलं नाही. उद्या काही झालं तर साहेबांना फार हेलपाटे पडतील."

यावर मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तोंड पदरात लपवलं. सेक्रेटरींना वाटलं, मी रडतेय. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि काहीही न बोलता बसून राहिले. पंखा फिरत होता, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी हा माणूस घड्याळाकडे बघेना की "पॉझिटिव्ह राहा" म्हणेना. वार्षिक सभेत हिशेबावरून खुर्च्या उचलायला निघालेला गृहस्थ पाचवी पायरी अशी चढला की सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

मग मी डोळे पुसून खरं काय ते सांगितलं. त्यांनी पार्सलमधली पुस्तकं उलटून पाहिली, फीची पावती पाहिली, तेव्हा कुठे पटलं. "म्हणजे ठणठणीत?"

"ठणठणीत."

"तरी फॉर्म भरा. ठणठणीत माणसानेच भरायचा असतो. तीन प्रती, दोन साक्षीदार." सहावी.

फॉर्म भरून झाले तरी ते उठेनात. फाइलीचं बटण उघडत, लावत राहिले. मग म्हणाले, "परवा लग्नात तुम्ही त्या गोळीचं सांगत होतात. घड्याळ लावून द्यायची ती."

त्यांची आई धायरीला धाकट्या भावाकडे होती. कॅन्सर हाडांत गेलेला. दुखणं असह्य होऊन ती ओरडायला लागली की कंपाउंडर बोलावून इंजेक्शन द्यायचे, तोवर कळ काढायची. मॉर्फिन कुणी सुचवलं होतं, पण त्याची सवय लागते म्हणून भाऊ नको म्हणाला.

माझ्या तोंडात पूर्ण व्याख्यान तयार होतं. १९८५चा कायदा, शिडी, २०१० साली अमेरिकेत झालेला तो अभ्यास, ज्यात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना पॅलिएटिव्ह केअर लवकर मिळाली तर ते अधिक समाधानाने आणि वर थोडे जास्तच जगले. मी श्वास घेतला. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई खाकरल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अनुभवाचं ते खाकरणं होतं. मी नुसतं विचारलं, "आई स्वतः काय म्हणतात?"

"तिला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. आणि मग ते बोलत राहिले. आईचं, भावाचं, मधल्या वर्षांतल्या रुसव्यांचं, गळक्या टाकीचंसुद्धा. मी मधे एकदाही योजनेचं नाव काढलं नाही. त्यामुळे माझे जे हाल झाले ते एडमंटनच्या मोजपट्टीवर दहाच्याही वर गेले असते. जाताना मी त्यांना एवढंच सांगितलं की वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत, धायरीहून लांब नाही, उद्याच जाऊन या. आणि हो, गोळी सुरू झाली की पोटाचं औषध पहिल्या दिवसापासून. तेवढं सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

आई आता रात्रीच्या झोपतात, असं सेक्रेटरींनी नंतर लिफ्टमध्ये सांगितलं. माझी गाडी मात्र पार्किंगवाल्यांनी पुन्हा हलवायला लावली. शहाळी थांबली. काकूंना मी जगले याचा आनंद झाला, पण पूर्ण नाही.

हा सगळा प्रसंग मी कोर्सच्या शेवटच्या निबंधात लिहून दिला. विषय होता: 'रुग्णसंवादातील मौनाचे महत्त्व'. मन लावून लिहिला, काही सुटू दिलं नाही. सरांनी पास केलं. खाली लाल शाईत शेरा होता: "आशय चांगला. शब्दमर्यादेच्या दुप्पट."