मिंट टाकलं, सुतक पडलं

बेंगळुरूत सर्जापूर रोडवर, दोड्डकन्नेल्लीच्या विप्रो मुख्यालयाच्या अवतीभवती, मराठी संगणक अभियंत्यांची एक स्वावलंबी जमात राहते. इडलीचं पीठ पिशवीतलं, पोळ्या मावशींच्या, भाजी ॲपवरून; पण लॅपटॉपवर जेंटू लिनक्स! तिथे आयतं काही चालत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम मूळ कोडपासून, ‘यूज फ्लॅग’ नावाचे पर्याय पारखून, स्वतःच्याच यंत्रावर कंपाइल करायचा. क्रोमियमसारखा ब्राउझर हवा असेल तर ‘इमर्ज’ची आज्ञा देऊन इब्लूरच्या तुंबलेल्या सिग्नलकडे निघावं. तुम्ही आधी परतलात, तर प्रोसेसर बदलायची वेळ आली आहे असं समजावं.

अशाच एका व्रतस्थाने परवा गुपचूप लिनक्स मिंट टाकलं. चहा निवण्याआधी सगळं चालू. वायफायसुद्धा! मित्रमंडळात सुतक पडलं. ‘शेवटी आयत्या बिळावर गेलास ना!’

जेंटूचे संस्थापक डॅनियल रॉबिन्स २००४ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडले आणि २००५ मध्ये चक्क मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले, हे सुतकात काढायचं नसतं. खुद्द जेंटूनेच डिसेंबर २०२३ मध्ये आयत्या बायनरी पॅकेजांचं कोठार उघडलं, हे तर मुळीच नाही. मठाने उपास सोडला तरी भक्तांनी पारणं फेडायचं नाही, असा हा संप्रदाय.

धर्मांतरिताला मात्र शिक्षा झालीच. त्याच्याकडे आता मोकळा वेळ असतो, हे सोसायटीला कळलं. पाण्याच्या टँकरांची नोंदवही हल्ली त्याच्याकडे असते.