दिवे लावणारी माणसं

‘काय दिवे लावलेस?’ हा प्रश्न मराठी घरांत आजवर निकालाच्या दिवशी विचारला जायचा आणि त्याला उत्तर नसायचं. आता आहे. सहा हजार केल्विनचे, वीस हजार लुमेनचे, मागे पंखा असलेले, असं छातीठोक सांगता येतं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बघता बघता हे दिवे गाडीला लागतात. काढलेले पिवळट बल्ब कागदात गुंडाळून डिकीत जातात आणि त्या रात्रीपासून समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मालकाच्या ऐपतीचा लख्ख अंदाज येतो. दानशूरपणाचा असा नमुना विरळाच. पैसे एकाने मोजायचे आणि उजेड मात्र सगळा दुसऱ्याच्या डोळ्यांत घालायचा.

या हौसेची सर्वांत शुद्ध अवस्था पाहायची तर स्पोर्ट्स कारकडे जावं, आणि त्यातही माझदाच्या मिआटाकडे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी गाडी जगापुढे आली. वजन टनाच्या आत, इंजिन १.६ लिटरचं, टप हाताने मागे लोटायचा. दिवे नाकात झोपलेले. बटण दाबलं की बेडकाने पाण्यातून डोळे वर काढावेत तसे ते वर यायचे. यात गंमत होतीच, पण कायदाही होता. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीला टेकायला आलेलं हवं आणि अमेरिकेतला नियम म्हणणार की दिवा ठरावीक उंचीच्या खाली चालणार नाही. तेव्हा नाक खालीच ठेवून डोळे तेवढे वर काढायचे, अशी ही तोड. दुसऱ्या पिढीच्या मिआटाने १९९८ च्या सुमारास हे डोळे कायमचे उघडे ठेवले. म्हणून आज पहिल्या पिढीची गाडी शोधून घेणारा माणूस व्रतस्थ असतो. गिअरच्या दांड्यावरचा मूळ गोळा मिळावा म्हणून तो महिनोन्महिने थांबतो. संगणकाची लुडबुड नको, रस्ता थेट हाताला कळला पाहिजे, हे त्याचं तत्त्व. एवढी साधना झाली की तो त्या बेडकाच्या डोळ्यांत एलईडी बसवतो. वाड्याच्या सागवानी तुळयांना मायेने तेल लावावं आणि देवघरात पेट्रोल पंपावरचा फ्लडलाइट टांगावा, तसं.

ही परदेशी श्रीमंतांची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, पण त्या वर येणाऱ्या डोळ्यातला दिवा सात इंची गोल आहे. हे माप १९४० साली अमेरिकेने सगळ्या मोटारींना एकच ठरवून दिलं आणि ते जगभर पसरलं. आपली अँबेसेडर, पद्मिनी, जीप, बुलेट यांच्या तोंडावर हेच माप होतं. थारच्या तोंडावर अजूनही आहे. त्यामुळे मिआटासाठी निघालेला दिवा थारला चालतो आणि थारचं पाहून शेजारची हॅचबॅक पेटते. मूळ अमेरिकी दिवा ‘सील्ड बीम’ होता. तार, आरसा आणि काच असं सगळं एकाच बंद भांड्यात. तार तुटली की अख्खं भांडं बदलायचं. पद्धत उधळी वाटते खरी, पण तिच्यात एक शहाणपण होतं, ते पुढे कामाला येईल.

नंतर आला एच-४ बल्ब, जो आपण ‘हॅलोजन’ म्हणून ओळखतो. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची. हा बल्ब हातात घेऊन नीट पाहिला तर डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसते. एवढ्या मोठ्या गाडीत सर्वांत सुसंस्कृत भाग कोणता असेल तर तो ही वाटी. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड परावर्तित होऊन वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वाटीमुळे आरशाचा तो भाग अंधारात राहतो आणि भिंतीवर उजेडाची स्वच्छ कड उमटते: खाली रस्ता, वर काळोख. आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशांत ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढते, म्हणजे कडेचा मैलाचा दगड आणि पायी चाललेला माणूस दिसतो, आणि समोरून येणाऱ्याला त्रास होत नाही. या सगळ्यासाठी ती तार मिलिमीटरच्या अंशाइतकी जागच्या जागी असावी लागते. म्हणजे हेडलाइट बनवणाऱ्याची अर्धी अक्कल उजेड पाडण्यात जाते आणि उरलेली अर्धी तो अडवण्यात. कमी उजेडाचा दिवा कुणीही बनवतो, जास्त उजेडाचाही कुणीही बनवतो. पैसे पडतात ते अंधाराचे.

आता या जागी एलईडीचा बल्ब खोचून पाहा. तार चहूबाजूंनी उजळते. एलईडीचे पिवळे चौकोन मात्र एका चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात. पट्टी जाड, चौकोन तारेपेक्षा मोठे, आणि पाठीमागे पंखा, कारण या चौकोनांना उष्णता सोसत नाही. आरसा बिचारा जुन्या हिशोबाने बसलेला. त्याला वाटतं तार अमुक ठिकाणी आहे, तिथे आहे भलतंच काही. मग कड विस्कटते, काही उजेड वर उधळतो आणि काही गाडीच्या पुढ्यातच सांडतो. खोक्यावरचा आकडा मात्र वीस हजार लुमेन असतो. हॅलोजनचा डिपर प्रमाणानुसार साधारण हजार लुमेनचा आणि अप्पर साडेसोळाशेचा. पांढरी एलईडी एका वॉटमागे शंभर ते दीडशे लुमेन देते, असं धरलं तर वीस हजारांसाठी एकशेतीस ते दोनशे वॉट लागतील. त्या खोक्यावरच वॉटचा आकडा तीस-चाळीस छापलेला असतो. तिसरीतल्या मुलाला हा गुणाकार जमेल, पण अॅक्सेसरीच्या दुकानात गुणाकार करणं अशुभ मानतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, ‘पण दिसतं ना! आधी काही दिसत नव्हतं, आता सगळं लख्ख दिसतं.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणूनच फसवा आहे. लख्ख दिसतात ते बॉनेटपुढचे पंधरा-वीस पावलांचे खड्डे, आणि ऐंशीच्या वेगात ते दिसेपर्यंत चाक त्यांत गेलेलं असतं. पुढ्यात जितका जास्त उजेड, तितकी डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. म्हणजे दोन हजार रुपये खर्चून माणूस जवळचा खड्डा ठळक करतो आणि लांबचा बैल पुसून टाकतो. आता, जुन्या दिव्यांनी कमी दिसतं ही तक्रार पुष्कळदा खरीही असते. पण त्याचं कारण बहुधा काच पिवळी पडली, आरशाचा मुलामा उडाला किंवा वायरिंग जुनं होऊन बल्बपर्यंत पुरता व्होल्टेज पोचत नाही, हे असतं. यातल्या कुठल्याही दुरुस्तीत निळी चमक नाही, त्यामुळे शेजारी विचारत नाही, त्यामुळे ती कुणी करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ‘कंपन्या स्वतःच एलईडी देतात, मग आम्ही लावली तर पाप?’ देतात, हे खरंच. २००७ च्या लेक्ससच्या एलएस ६००एचमध्ये डिपर एलईडीचा आला, त्यानंतर ऑडीच्या आर-८ या अस्सल स्पोर्ट्स कारला पुढचे सगळेच दिवे एलईडीचे मिळाले. पण त्यांनी जुन्या आरशात नवा बल्ब खोचला नव्हता. त्या एलईडीसाठी वेगळं भिंग, वेगळा आरसा, वेगळं थंड करायचं यंत्र, असं अख्खं भांडं नव्याने घडवलं होतं. सील्ड बीमचं शहाणपण ते हेच. आणि पुढची गंमत अशी की २०१३ च्या ऑडी ए-८ ने प्रत्येक दिव्यात अप्परसाठी २५ वेगवेगळ्या एलईडी बसवल्या आणि कॅमेऱ्याला काम दिलं ते समोरून गाडी आली की तिच्यापुरत्या एलईडी विझवण्याचं. म्हणजे पंचवीस दिवे लावून जर्मन इंजिनिअरांनी शेवटी काय साधलं, तर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांएवढा अंधार! अमेरिकेने असे दिवे चालतील म्हणायला २०२२ साल उजाडू दिलं, इतका तो अंधार नाजूक समजला गेला. आपल्याकडचा हौशी यातली फक्त ‘एलईडी’ ही तीन अक्षरं उचलतो. शस्त्रक्रियेला सुरी लागते हे ऐकून कांदा चिरायच्या सुरीने अपेंडिक्स काढायला बसण्यापैकी हे आहे.

‘वीज वाचते’ हा तिसरा आक्षेप चटकन निकालात काढता येतो. हल्लीच्या गाडीतला संगणक बल्बला किती वीज जाते ते मोजत असतो. एलईडीला कमी जाते, संगणकाला वाटतं बल्ब उडाला, आणि डॅशबोर्डवर इशारा लागतो. त्यावर दुकानदाराकडे उपाय तयार असतो: बल्बच्या जोडीला एक रेझिस्टर लावायचा, जो वाचलेली वीज जाळून टाकतो, म्हणजे संगणकाचं समाधान होतं. वाचवलेली वीज बॉनेटखाली गुपचूप जाळायची, आणि तो रेझिस्टर इतका तापतो की प्लास्टिकला टेकू देऊ नका अशी सूचना वर.

खरा आक्षेप चौथा आहे आणि तो कुणी तोंडाने बोलत नाही: ‘सगळे लावतात, मग आम्हीच का मरायचं?’ इथे मिआटावाल्याची बाजू सर्वांत मजबूत आहे, हे मान्य केलं पाहिजे. तो जमिनीलगत बसतो. समोरून येणाऱ्या एसयूव्हीचे दिवे नेमके त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतात. कडेच्या खाली, जिथे कायद्यानेच उजेड असायचा, तिथेच त्याचं डोकं येतं. रोज रात्री असा भाजून निघालेला माणूस सूडाला पेटला तर नवल नाही. पण सूड उगवला जातो तो कोणावर? एसयूव्हीवाला उंच बसलेला, त्याला या ठेंगण्या गाडीच्या विस्कटलेल्या उजेडाचा त्रास त्यातल्या त्यात कमी. मार खातो तो स्कूटरवाला, सायकलवाला, रिक्षावाला. मग रिक्षावालाही नाना पेठ गाठतो. डोळ्यास डोळा या न्यायाने सगळं जग आंधळं होतं असं म्हणतात. आपल्याकडे त्या न्यायाची होलसेल दुकानं आहेत. ‘युज डिपर अॅट नाइट’ हे वाक्य ट्रकच्या पाठीवर अजून रंगवतात, पण ज्या दिव्याला कडच उरली नाही त्याचा डिपर म्हणजे अप्परचाच धाकटा भाऊ. एके काळी हेडलाइटच्या काचेवर ब्रशने काळा ठिपका काढायचे. गावठी उपाय होता, पण हेतू ऑडीचाच होता, आणि त्याला चार आण्यांचा रंग पुरायचा.

कायदा आहे का? आहे, आणि वाचण्यासारखा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत इतका खाली वळलेला असावा, किंवा वळवता यावा, की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. एका काल्पनिक माणसाची इतकी नेमकी उंची आणि जागा सरकारी नियमात क्वचितच सापडेल. तो माणूस गेली कित्येक वर्षं तिथेच उभा आहे, आणि रात्रीच्या नाकाबंदीत त्याच्याकडे सोडून सगळ्या कागदपत्रांकडे पाहिलं जातं. जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसणारा एलईडी बल्ब २०२० मध्ये पहिल्यांदा अधिकृत झाला, तोही गाड्यांच्या ठरावीक मॉडेलांपुरता, एकेका दिव्यात चाचणी घेऊन. आपल्याकडे चाचणी एकच असते: दुकानाच्या शटरवर उजेड टाकून ‘बघा साहेब!’ म्हणणं. साहेब बघतात. शटर बोलत नाही.

एलईडी लावूच नये, असं यातून निघत नाही. मिआटावाल्याने आणि थारवाल्याने सात इंची अख्खं भांडं बदलावं, भिंग-आरशासकट. पण काचेवर मान्यतेची खूण, म्हणजे गोलातला ‘ई’ आणि आकडा, पाहावी आणि त्याखाली बाण पाहावा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिलं असता बाण उजवीकडे असेल किंवा दोन्हीकडे असेल तर दिवा आपल्या रस्त्यांसाठी आहे. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेला आहे, आणि त्याची वर चढलेली कड इथे थेट समोरच्याच्या तोंडावर जाते. अमेरिकेतून हौसेने मागवलेल्या कित्येक महागड्या दिव्यांना आपल्या रस्त्यांची ही डावी बाजू ठाऊकच नसते. बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून स्क्रू फिरवून कड जागेवर आणावी लागते, हे काम फुकटचं आहे आणि म्हणूनच बहुधा राहून जातं.

ज्यांनी नुसता बल्ब बदलला आहे त्यांनी येत्या रविवारी अंधार पडल्यावर सोसायटीच्या आवारात गाडी डिपरवर चालू ठेवावी, समोर आठ मीटर मोजून गाडीच्या उजव्या कडेच्या थोडं बाहेर सरकावं, गुडघे वाकवून डोळे स्कूटरवाल्याच्या उंचीवर आणावेत आणि स्वतःच्याच गाडीची नंबर प्लेट वाचून पाहावी. वाचता आली नाही, तर जुने बल्ब डिकीत कागदात गुंडाळून ठेवलेले असतील, ते काढा. पुन्हा बसवायला फार वेळ लागत नाही.