शेवट नावाचा असभ्यपणा

काचीगुड्यातल्या आमच्या भाच्याने परवा एक जपानी ॲनिमे मालिका संपवली. १२ भाग, प्रत्येकी २४ मिनिटं. म्हणजे पाच तासांच्या आत नायक, खलनायक आणि प्रेक्षक तिघेही मोकळे! त्यावर पठ्ठ्या चहात उस्मानिया बिस्किट बुडवून ‘अंतिम मत’ देत बसला. बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं, मत चालूच.

मालिका संपवणं म्हणजे प्रेक्षकाला वाऱ्यावर सोडणं, हे जपान्यांना कुणीतरी सांगायला हवं. आमच्यावर ते संस्कार याच शहरानं केले. ईटीव्ही मराठीचा संसार रामोजी रावांनी हैदराबादेतूनच थाटला, आणि २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. तीन हजारांवर भाग! खरं तर अशा मालिकांची मृत्युपत्रात रीतसर नोंद हवी: थोरल्याला घर, धाकटीला उरलेले भाग.

भाचा वरमला. म्हणाला, “आत्या, ‘वन पीस’ बघ. १९९९ साली सुरू झाली, हजारावर भाग झालेत.”

आत्याबाईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. “यातली सासू कोणती रे?”

ते चार दिवस २०१३ साली संपले.