अक्षता आणि बिटरेट

मराठी लग्नातला कुठला क्षण एन्कोडरला मानवत असेल, तर तो अंतरपाटाचा. पांढरं कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, दोघांनी दोन टोकं धरलेली. चित्रात काही हलत नाही, त्यामुळे साठवायलाही फारसं काही नसतं. आणि त्याच्या जिवावर येणारा क्षण लगेच पाठोपाठ येतो. ‘सावधान’ म्हणताच शेकडो हात वर होतात आणि रंगवलेले तांदूळ हवेत उडतात. दाण्यागणिक दिशा वेगळी, वेग वेगळा. व्हिडिओ लहान करायची सगळी करामत ‘आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहा’ यावर चालते. इथे तर सगळंच बदललेलं. मग हाताशी असलेले बिट अक्षतांवर खर्ची पडतात आणि नवरा-नवरीच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. हार नेमके कोणी कोणाला घातले, हे ऐन वेळी आठवणीवर सोडावं लागतं.

नात्यातल्या लग्नांचं शूटिंग सीडीवर उतरवून प्रती काढायचं काम माझ्याकडे असे, कारण घरात कॉम्प्युटर होता. तेव्हा एवढी पात्रता पुरत असे.

व्हीसीडी भलतीच चिक्कू. 1993 साली ठरलेलं तिचं माप म्हणजे 352 बाय 288 ठिपक्यांचं चित्र आणि सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट. अंतरपाटाला तेवढेच, अक्षतांनाही तेवढेच. एका सीडीवर 74 मिनिटं मावत, म्हणून लग्नाचे दोन भाग पडत, आणि दुसरा भाग कायम कोणीतरी बघायला नेलेला असे. डीव्हीडीने सुबत्ता आणली. 720 बाय 576 ठिपके, आणि वर बिट गरजेप्रमाणे कमी-जास्त वाटायची मुभा. त्यासाठी ‘टू-पास’ नावाचा प्रकार होता. जाणती गृहिणी आधी पंगतीवरून नुसती नजर फिरवते, कोणाला काय लागेल ते हेरते आणि मग वाढायला घेते, तसं कॉम्प्युटर पहिल्या फेरीत अख्खं लग्न फक्त बघून घेई आणि दुसऱ्या फेरीत लिही. दोन फेऱ्यांना रात्र जाई. पंखा घरघरत असे आणि घरातले म्हणत, अजून लग्न लागायचंच आहे का?

जागेचा हिशोब मात्र सुबत्तेतही सुटत नाही. कॅमेऱ्याची तासाभराची मिनी-डीव्ही टेप कॉम्प्युटरवर उतरवली की 13 जीबीच्या आसपास जाते. डीव्हीडीच्या वेष्टनावर 4.7 जीबी छापलेलं असतं आणि कॉम्प्युटर 4.38 दाखवतो. यात लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर 1024 च्या. पण पाठवणीची शेवटची दहा मिनिटं बाहेर लोंबकळत असताना हा खुलासा काही कामाचा नसतो.

चकतीवर दोन तासांचं लग्न बसवलं, तर आवाज धरून सेकंदाच्या वाट्याला सुमारे 52 लाख बिट येतात. चार तासांचं बसवलं, तर 26 लाख. इथवर गणित आहे. इथून पुढे भावकी सुरू होते. कारण कापण्याजोगा भाग एकच असतो, तो म्हणजे स्टेजवर पाकीट देऊन फोटो काढून घेणाऱ्यांची रांग. पाऊण तास तेच ते: पाकीट, हसू, फ्लॅश, पुढचे या. ती गेली तर अक्षतांना भरपूर बिट मिळतात. पण त्या रांगेत आत्याबाईंचे थोरले दीर असतात, आणि ते सोलापूरहून मुद्दाम आलेले असतात.

‘‘सगळे राहू देत रे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘थोडं पुसट दिसलं तर दिसू दे. पण कोणी नाहीच, असं नको.’’

एन्कोडिंगवर इतका स्वच्छ निर्णय मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. सगळे राहिले आणि सगळे थोडे पुसट झाले.

प्रती वाटल्यावर फोन सुरू होत. सर्वांत ठरलेला फोन कॉम्प्युटरवर डीव्हीडी उघडून बघणाऱ्यांचा. ‘‘अहो, आवाजाचा फोल्डर रिकामा आलाय.’’ खरंच रिकामा असतो. ऑडिओ-टीएस हा फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी राखलेला. लग्नाचा आवाज चित्रासोबत व्हिडिओ-टीएसमध्येच असतो. रिकामा असला तरी तो ठेवायचा, कारण काही जुने प्लेअर त्याच्यावाचून अडून बसत. हे फोनवर समजावण्यापेक्षा ‘टीव्हीला लावून बघा’ म्हणणं सोपं पडे.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीची प्रत मात्र निराळी करावी लागे. आपल्याकडे पाल, म्हणजे सेकंदाला 25 चित्रं; अमेरिकेत एनटीएससी, तिथे जवळपास 30. तिकडच्या पुष्कळ प्लेअरना आपली चकती चालतच नसे. जास्तीची चित्रं आहेत त्यांतूनच भरून काढायची, त्यामुळे वरातीतला घोडा मध्येच अडखळे. घोड्याबद्दल तिची तक्रार आली नाही. तिने एवढंच विचारलं, की रांगेत वधूवरांच्या मधोमध उभा राहून दोनदा फोटो काढून घेणारा तो निळ्या सफारीतला गृहस्थ कोण? आम्ही नवऱ्याकडच्यांना विचारलं, ते म्हणाले तुमच्याकडचा. आमच्याकडचे म्हणतात, त्यांच्याकडचा.